घडी

रुस्तावीत, मोटारबाजाराच्या मागच्या अंगाला
नुगझारचं गॅरेज: दोन खड्डे, एक शेगडी,
आणि कुणी न उलटलेलं, मार्चवर थांबलेलं कॅलेंडर.
मी तिथे तिसरा हिवाळा काढत होतो.

लामारा आली तेव्हा लाल दिवा पेटलेला होता,
पट्टा बांधून बसलेला चिमुकला माणूस, पुढ्यात फुगा.
नऊ दिवस झाले, म्हणाली, विझत नाही.
चिकटपट्टी लावून पाहिली, तर झाकल्यावर जास्तच दिसायला लागला.
ती सुईण. रात्री-अपरात्री डोंगरातल्या गावांना जायचं,
मागच्या सीटवर टॉवेल, पातेलं, टॉर्च.

यंत्र जोडलं. यंत्र म्हणालं:
चालकाची बाजू. प्रीटेन्शनर. रोध जास्त.
कुठे दुखतं एवढंच त्याला कळतं.

नुगझारनं बॅटरीची काळी तार सोडली
आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं.
तार सुटली तरी पेटीत वीज दबा धरून असते,
एका धडकेपुरती राखलेली.
तेवढ्यात आम्ही कॉफी प्यालो, गाळासकट.

"नळीला मीटर लावायचा नाही," हे शंभराव्यांदा.
"आत दारू आहे. बाटलीतली नव्हे, बंदुकीतली. चिमूटभर.
मीटरच्या एवढ्याशा विजेनंही जागी व्हायची.
तिला वगळायचं, आणि तारेला विचारायचं."

चार बोल्ट काढून सीट उताणी केली.
खाली एक आक्रोड, केसांची पिन, सुकलेला चिखल
आणि पिवळा कनेक्टर. त्याच्या पाठीमागे
काळ्या टेपचं बोटभर गाठोडं.

गाठोड्यात रेझिस्टर: लाल, लाल, सोनेरी.
दोन ओहम आणि वर थोडं.
पेटीला वाटावं की नळी आहे, भरलेली आहे, वाट बघते आहे.
खरी नळी तर कधीच उडून गेलेली
समुद्रापलीकडच्या कुठल्याशा हमरस्त्यावर, कुणाच्या तरी छातीसाठी.
बक्कल दोन बोटं खाली बसलेलं होतं.
आम्ही सगळे रोज बघत होतो, कुणालाच दिसलं नव्हतं.

सीट मागेपुढे होऊन होऊन
सोल्डरला केसाएवढी चीर गेली होती.
म्हणजे बिघाड हा नव्हेच.
इतक्या वर्षांत दिवा पहिल्यांदा खरं बोलत होता.

मग मी टेप पाहिली.
टोकाला नखाएवढी घडी,
पुढे उघडणाऱ्याच्या बोटांना सापडावी म्हणून दुमडलेली.
अशी घडी घालायला मला ज्यानं शिकवलं
तो माझ्या शेजारी गुडघे टेकून बसला होता.

सोल्डरची इस्त्री तापलेली होती.
दोन मिनिटांचं काम. वीस लारी. दिवा गेला असता.

"या हिवाळ्यात किती झाली?" त्यानं तिला विचारलं.
"एकतीस. एक आज पहाटे, पायाळू."
त्यानं इस्त्रीची पिन भिंतीतून उपटली.

नवं बक्कल कुताइसीहून यायला चार दिवस लागले.
चार रात्री नुगझार तिला स्वतःच्या निवामधून नेत होता,
पेट्रोलच्या भावावरून जगाला शिव्या घालणारा माणूस.
बाळंतघराबाहेर गाडीत बसून राहायचा, हीटर बंद करून.

पाचव्या दिवशी कनेक्टर बसला, टक्.
तार जोडली, चावी फिरवली.
दिवा पेटला. नुगझार ओठांत आकडे मोजत होता.
सहावर विझला. तो नऊपर्यंत मोजत राहिला.

बिलावर लिहिलं: बोल्ट चार, घट्ट केले.
लामारा भांडली. त्याला ऐकू येत नव्हतं म्हणे.

रात्री झाडू मारताना बघतो तर
खालच्या खणातली तेलकट वही बाहेर निघालेली,
चष्मा नाकावर, बोट एकेका गाडीच्या नंबरावर.
"किती आहेत?" मी विचारलं.

त्यानं पान उलटलं.